खेळ सोपा झाला म्हणजे माल हलका झाला का?

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइके खोळंबली की हा वाद हमखास कानी पडतो. चाळिशी ओलांडलेला गृहस्थ म्हणतो, "आमच्या वेळचे व्हिडिओ गेम खरे. तीन जीव मिळायचे, ते संपले की पुन्हा पहिल्यापासून. आताच्या पोरांना खेळच बोट धरून शेवटपर्यंत नेऊन पोहोचवतो." समोरचा तरुण म्हणतो, "तुमच्या खेळात होते काय? तीच ती वाट पाठ करायची." दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. परंतु हा वाद आवडीनिवडीचा नसून मुळात धंद्याचा आहे, आणि म्हणूनच आम्ही तो या पानावर घेत आहोत.

थोड्या जाणकार गिऱ्हाइकांसाठी बनणारा माल सर्वसामान्यांच्या बाजारात गेला की त्याचे काय होते? तो सुधारतो की उतरतो? अत्तरवाला असो, जरीकाम करणारा असो की लाकडाचा कारागीर, हा प्रश्न कधी ना कधी प्रत्येकाच्या दारात येतो. व्हिडिओ गेमच्या धंद्यासमोर तो गेल्या पन्नास वर्षांत अनेकदा आला. काहींनी तो शहाणपणाने सोडवला, काहींनी हात पोळून घेतले. या साऱ्याचा हिशेब आज उघडा आहे. तो पाहिला असता आमच्या मते एक गोष्ट स्पष्ट होते: खेळ किती कठीण असावा हे कारागिराच्या लहरीवर फारसे ठरत नाही. गिऱ्हाईक पैसा कधी देतो आणि कशासाठी देतो, यावर ते ठरते.

नाण्याचा हिशेब

१९७२ साली अमेरिकेत अटारी कंपनीने 'पाँग' नावाचे नाणे टाकून खेळायचे यंत्र बाजारात आणले. अशा यंत्राचे अर्थशास्त्र सोपे असते. ते एका वेळी एक-दोनच गिऱ्हाइके घेते. गिऱ्हाईक एका नाण्यात तासभर खेळत बसले तर मालकाचे दिवाळे निघणार. म्हणून खेळाडू काही मिनिटांत हरला पाहिजे. पण तो इतक्या लवकरही हरता कामा नये की फसवणूक झाली असे त्याला वाटावे, नाहीतर दुसरे नाणे खिशातून निघणार नाही. अटारीचे संस्थापक नोलन बुशनेल यांनी याचा एक नियमच घालून दिला होता. खेळ शिकायला सोपा पण त्यात तरबेज व्हायला कठीण असावा, आणि पहिल्या नाण्याला जशी मजा यावी तशीच शंभराव्या नाण्यालाही यावी, असा त्याचा आशय आहे.

पुढे या यंत्रांच्या आत बारीक बटणांची एक पट्टी बसवलेली असे. ती फिरवून पार्लरचा मालक जीव तीन द्यायचे की पाच, खेळ मऊ ठेवायचा की कडक, हे ठरवू शकत असे. म्हणजे अवघडपणा हा तराजूच्या वजनासारखा दुकानदाराच्या हाती होता. १९८५ च्या 'गाँटलेट' या खेळात तर खेळाडूची ताकद सतत उतरत राही आणि नवे नाणे टाकले की ती वाढे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे मोबाइलच्या काळात ती पुन्हा भेटणार आहे.

सर्वांना आवडेल असा खेळ बनवायचा म्हणजे तो सोपाच करावा लागतो, हा समज मात्र त्याच काळात खोटा ठरला होता. जपानच्या नाम्को कंपनीतील तोरू इवातानी यांच्या लक्षात आले की, पार्लरमध्ये येतात ती बहुतेक पुरुष मंडळी, कारण बहुतेक खेळ गोळीबाराचे. स्त्रिया व जोडपीही यावीत म्हणून त्यांनी १९८० साली 'पॅक-मॅन' आणला. एक गोल पिवळे तोंड, चार रंगीत भुते आणि खायला ठिपके. आजीबाईलाही बघताक्षणी समजेल असा खेळ. तरी तो सोपा नव्हता. पुढचे टप्पे भल्याभल्यांना जात नसत. इवातानींनी दार रुंद केले, पण आतला कस कमी केला नाही.

हंगामासाठी घाईचा माल

घरच्या टीव्हीला जोडायची यंत्रे आली तसा बाजार फुगला आणि जो तो खेळ काढू लागला. १९८२ च्या नाताळात गाजलेल्या 'ई. टी.' चित्रपटावरचा खेळ दुकानात असलाच पाहिजे म्हणून अटारीने हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या आपल्या कारागिराला जेमतेम पाच आठवडे दिले. खेळ वेळेवर आला, परंतु खेळाडू पुन्हापुन्हा खड्ड्यात पडत आणि का पडलो हे त्यांना कळत नसे. हा अवघडपणा कौशल्याची कसोटी पाहणारा नव्हता, तो कच्च्या कामाचा होता. न खपलेला माल न्यू मेक्सिको राज्याच्या वाळवंटात पुरण्यात आला. २०१४ साली तेथे खोदकाम झाले तेव्हा त्या कॅसेट खरोखरच बाहेर निघाल्या.

१९८३ पासून अमेरिकेतील घरगुती खेळांचा बाजार कोसळला. एका खेळाने तो कोसळला असे नव्हे. हलक्या मालाचा सुळसुळाट झाला होता आणि चांगला कोणता, वाईट कोणता, हे गिऱ्हाइकाला ओळखू येईनासे झाले होते. तो बाजार पुन्हा उभा केला जपानच्या निन्टेंडोने. या कंपनीने आपल्या यंत्रात एक चिप बसवली, जेणेकरून परवानगीवाचून बनवलेली कॅसेट चालू नये. बाहेरच्या कंपनीला वर्षाकाठी साधारण पाचच खेळ काढण्याची मुभा ठेवली आणि डब्यावर दर्जाची मोहोर उमटवली. जाच होता खरा, पण मोहोर पाहून घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा विश्वास परतला.

कॅसेटचा काळ

आमच्या पिढीच्या आठवणीतले खेळ ते हेच. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात या जपानी यंत्राच्या नकला घरोघर आणि गल्लीतल्या पार्लरमध्ये आल्या, आणि एकाच कॅसेटमध्ये 'मारिओ', 'कोंट्रा' आणि असे अनेक खेळ मिळू लागले. ते इतके कठीण का होते?

पहिले कारण जागेचे. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चे बत्तीस टप्पे अवघ्या चाळीस किलोबाइटमध्ये बसवले होते. आज मोबाइलने काढलेला एक फोटोदेखील त्याच्या कित्येक पट जागा घेतो. 'कोंट्रा' ज्याला येतो तो अर्ध्या तासात संपवतो. एवढ्याशा मालाला भरपूर पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकाला महिनाभर गुंतवून ठेवायचे तर एकच उपाय होता, तो म्हणजे त्याला पुन्हापुन्हा हरवणे. खुद्द कारागिरांनाही हे जड जाई. 'ग्रॅडियस' या खेळाची घरगुती आवृत्ती तपासताना कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो यांना ती पुरी करणे जमेना. म्हणून त्यांनी बटणांची एक गुप्त जुळणी त्यात घातली. हीच क्लृप्ती पुढे अमेरिकेत निघालेल्या 'कोंट्रा'त तीस जीव देऊ लागली.

दुसरे कारण भाड्याचे. अमेरिकेत खेळांच्या कॅसेट दुकानातून दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने मिळत. तेवढ्यात खेळ पुरा झाला तर विकत कोण घेणार? १९९४ च्या 'लायन किंग' खेळाचा दुसरा टप्पा लहान मुलांना रडकुंडीला आणणारा होता. तो बनवणाऱ्यांपैकी लुई कॅसल यांनी पुढे सांगितले की, भाड्याने नेणाऱ्याला खेळ संपवता येऊ नये म्हणून तो टप्पा कठीण करणे भाग पडले होते. चित्रपट मुलांचा, गिऱ्हाईक मुले आणि अवघडपणा मात्र भाड्याच्या दुकानाला उत्तर म्हणून.

त्याच काळात सौम्य करण्याचेही एक बोलके उदाहरण घडले. 'मारिओ'चा दुसरा भाग जपानमध्ये १९८६ साली निघाला. तो इतका कडक होता की कंपनीच्या अमेरिकी शाखेने तो नाकारला. तेथील गिऱ्हाईक वैतागेल अशी भीती होती. त्याऐवजी एका वेगळ्याच जपानी खेळातील पात्रे बदलून तो १९८८ साली 'सुपर मारिओ ब्रदर्स २' म्हणून तेथे विकला गेला आणि तो चांगला गाजलाही. मूळ कठीण भाग अमेरिकेला १९९३ साली मिळाला. गिऱ्हाईक पाहून माल पाठवणे हे व्यापाराचे जुनेच सूत्र आहे. त्यात फसवणूक नाही.

सांगायचे तात्पर्य, जुन्या खेळांचा अवघडपणा हा सगळाच उच्च कलेचा नमुना नव्हता. काही भाग अस्सल कसोटीचा, काही जागेच्या टंचाईचा, काही भाड्याच्या धास्तीचा आणि काही चक्क सदोष कामाचा होता.

खर्च वाढला, गिऱ्हाईक वाढवावे लागले

१९९४ नंतर सोनीच्या प्लेस्टेशनबरोबर कॅसेटच्या जागी सीडी आली आणि जागेची टंचाई संपली. आता खेळ लांबवण्यासाठी खेळाडूला हरवत राहण्याची गरज उरली नाही. जेथे थांबलो तेथून पुन्हा सुरू करण्याची सोय झाली. १९९६ च्या 'क्रॅश बँडिकूट' या खेळात तर खेळाडू एकाच जागी वारंवार मेला की खेळ गुपचूप त्याला एक संरक्षक मुखवटा देई. २००१ च्या 'हेलो'मध्ये थोडा वेळ आडोशाला थांबले की ढाल आपोआप भरून येई. २००५ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी २'ने जखमा आपोआप भरण्याची सोय आणली आणि पुढे ती गोळीबाराच्या खेळांत सरसकट आली.

यामागे खर्चाचा रेटा होता. पूर्वी मूठभर माणसे मिळून खेळ बनवत. आज एका मोठ्या खेळावर शेकडो कारागीर कित्येक वर्षे राबतात. २०१३ च्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५'चा खर्च जाहिरातीसह पंचवीस कोटी डॉलरच्या वर गेल्याचा अंदाज आहे आणि २०२३ च्या 'स्पायडर-मॅन २'चा सुमारे तीस कोटी डॉलर. एवढे भांडवल निघायचे तर लाखो लोकांनी खेळ घ्यावा लागतो, आणि त्यातले बहुसंख्य दिवसभर काम करून रात्री तासभर खेळणारे असतात. तेच दार दहा वेळा बंद सापडले तर ते यंत्र बंद करून झोपी जातात आणि पुढचा भाग विकत घेत नाहीत.

म्हणून कंपन्या खेळ बाजारात आणण्याआधी सामान्य माणसांना बसवून खेळायला लावतात. २००७ च्या 'हेलो ३'च्या वेळी मायक्रोसॉफ्टच्या प्रयोगशाळेत खेळाडू कोठे कोठे मरतात त्याचे ठिपके नकाशावर मांडले जात. जेथे ठिपक्यांची गर्दी, तेथे दुरुस्ती. यातून खेळ नितळ झाले. कॅमेरा नीट फिरू लागला, काय करायचे ते कळू लागले. हा सुधारलेला दर्जाच म्हणावा लागेल.

पण याच पद्धतीचा अतिरेकही झाला. चढता येण्याजोग्या कड्याला पिवळा रंग, फोडता येण्याजोग्या पेटीला पिवळा रंग, शिवाय सोबतचे पात्र कानाशी उत्तर पुटपुटत असते. खेळाडूने डोके चालवायचे ठिकाणच उरत नाही. २००८ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त कड्यावरून पडले की सोबतीण दरवेळी हात देऊन वर काढत असे. दृश्य देखणे होते, पण धोकाच नसेल तर उडी मारण्यात राम काय, अशी तक्रार जुन्या खेळाडूंनी केली.

आणि माल वेळेआधी बाजारात आणण्याची खोड तर गेलेलीच नाही. 'सायबरपंक २०७७' हा गाजावाजा झालेला खेळ डिसेंबर २०२० मध्ये पुन्हा नाताळ गाठण्यासाठी आला, तो इतका सदोष की सोनीने तो आपल्या दुकानातून काही महिने काढून ठेवला. कंपनीने पुढे दुरुस्ती करून नाव बरेच सावरले, पण पहिले गिऱ्हाईक पस्तावले ते पस्तावलेच.

सर्वांसाठी माल: निन्टेंडोचा धडा

या शतकाच्या सुरुवातीला निन्टेंडो मागे पडली होती. तिच्या २००१ च्या 'गेमक्यूब' यंत्राचा खप सुमारे २ कोटी १७ लाखांवरच थांबला. कंपनीचे प्रमुख सातोरू इवाता यांनी ठरवले की, त्याच खेळाडूंसाठी इतरांशी झुंजण्यापेक्षा जे खेळतच नाहीत त्यांना आणायचे. २००६ साली आलेल्या 'वी' यंत्राचा दांडा हातात धरून हवेत हात फिरवला की पडद्यावर टेनिस खेळले जाई. आजी-आजोबाही खेळू लागले. दहा कोटींहून अधिक यंत्रे खपली.

मग काय झाले? हे नवे गिऱ्हाईक जसे आले तसे गेले. त्यांच्या खिशात स्मार्टफोन आला, त्यात रुपयाही न देता खेळ मिळू लागले. २०१२ साली निन्टेंडोने पुढचे यंत्र आणले तेव्हा हे लोक परतले नाहीत. 'वी यू' नावाचे ते यंत्र अवघे १ कोटी ३५ लाखांच्या आसपास खपले. ज्या गिऱ्हाइकाला मालाची पारख नाही, फक्त नवलाई आहे, ते सर्वांत आधी दुकान बदलते.

निन्टेंडो यातून सावरली ती २०१७ च्या 'स्विच' यंत्राने. त्याबरोबर आलेला 'झेल्डा' मालिकेतील 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' पाहण्यासारखा आहे. सुरुवातीचा लहानसा भाग झाला की खेळाडू हवे तर थेट शेवटच्या राक्षसाच्या किल्ल्यावर चालून जाऊ शकतो, मार खाऊन परत येऊ शकतो, किंवा शंभर तास तयारी करून जाऊ शकतो. अवघडपणा किती घ्यायचा ते गिऱ्हाइकाने ठरवायचे. तीन कोटींहून अधिक लोकांनी तो घेतला. 'स्विच'चा खप तर पंधरा कोटींच्या पुढे गेला.

जे आले नाहीत त्यांच्यासाठी जे होते ते घालवले

२००८ साली 'डेड स्पेस' नावाचा भयपटासारखा खेळ निघाला. अंतराळातील ओसाड जहाज, अंधार, मोजक्या गोळ्या आणि एकटेपणा. त्याला कट्टर चाहते मिळाले. प्रकाशक कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सला मात्र तेवढे पुरेना. तिसऱ्या भागाच्या वेळी तिच्या अधिकाऱ्यांनी सांगितले की, ही मालिका चालू ठेवण्यासारखा गुंतवणुकीचा हिशेब जुळायचा तर पन्नास लाखांच्या घरात गिऱ्हाईक हवे. म्हणून २०१३ च्या भागात दोघांनी मिळून खेळायची सोय आली, मारधाड वाढली, आणि हत्यारांचे साहित्य खऱ्या पैशाने घेण्याचीही व्यवस्था झाली. भीतीची जागा गोंगाटाने घेतली. नवे गिऱ्हाईक अपेक्षेइतके आले नाही, जुने नाराज झाले आणि मालिका थांबली. तो बनवणारा स्टुडिओ पुढे दुसऱ्या खेळाचे काम चालू असताना २०१७ साली बंद झाला. २०२३ साली त्याच कंपनीने 'डेड स्पेस' पुन्हा आणला, तो पहिल्या भागाचीच नवी, सफाईदार आवृत्ती म्हणून.

कॅपकॉम कंपनीच्या 'रेसिडेंट इव्हिल'चीही वाट थोडीफार अशीच. २०१२ चा सहावा भाग सर्वांना खूष करायला निघाला. सत्तर लाखांचा पहिला अंदाज कंपनीला खाली आणावा लागला. २०१७ चा सातवा भाग एका पडक्या घरात, अंधारात परतला आणि पुढे एक कोटीच्या वर खपला. ज्यासाठी नाव झाले तीच चीज काढून टाकून नाव मात्र विकत राहायचे, हा सौदा फार काळ चालत नाही.

फुकट खेळ, विकत सवलत

आता मोबाइलकडे येऊ. आपल्या घरांत खेळ शिरतो तो बहुतेक याच वाटेने. २०१२ साली आलेल्या 'कँडी क्रश सागा'त पाच जीव मिळतात. एक गेला की भरून यायला अर्धा तास लागतो. थांबायचे नसेल तर पैसे द्या. टप्पा एका चालीने हुकला तर पाच चाली विकत घ्या. बहुसंख्य खेळाडू दमडीही देत नाहीत, पण थोडे देतात आणि त्या थोड्यांवर धंदा चालतो. तो इतका चालला की ही कंपनी २०१६ साली ५९० कोटी डॉलरना विकली गेली.

वाचकांना 'गाँटलेट'चे यंत्र आठवेल. नाणे परत आले, फक्त ते आता दिसत नाही. पूर्वी खेळ विकत घेतला की कारागीर व गिऱ्हाईक यांचा हिशेब संपत असे. मग अवघडपणा घालताना कारागीर एवढेच पाहत असे की मजा येते का. फुकट खेळात कारागिराला दुसराच प्रश्न विचारावा लागतो: कोठे अडवले म्हणजे हा पैसे देईल? आमच्या मते खेळांच्या दर्जाला खरा धोका सोपेपणाचा नसून या अडवणुकीचा आहे. हा कठीणपणा कौशल्याने सुटत नाही, तो पैशाने किंवा वाट पाहूनच सुटतो.

२०१४ साली 'डंजन कीपर' या जुन्या, नावाजलेल्या खेळाची मोबाइल आवृत्ती आली. जमिनीचे काही तुकडे खोदायला तिच्यात चक्क चोवीस तास लागत, अर्थात पैसे न दिल्यास. ब्रिटनच्या जाहिरात नियंत्रण संस्थेने त्याच वर्षी निर्णय दिला की, याला 'फुकट' म्हणणारी जाहिरात दिशाभूल करणारी आहे. २०१७ साली 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' या पूर्ण किमतीच्या खेळात प्रसिद्ध पात्रे मिळवायला इतके तास लागत, आणि नशिबाच्या पेट्या विकत घेणाऱ्याला अशी आघाडी मिळे, की जगभर ओरड झाली आणि खेळ बाजारात येण्याच्या तोंडावर कंपनीला ती विक्री थांबवावी लागली. पुढल्या एप्रिलमध्ये बेल्जियमच्या नियामकांनी काही खेळांतील अशा पेट्या जुगारात मोडतात असे जाहीर केले.

आपल्या देशात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा संमत केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी घालणे हा त्याचा गाभा आहे. जीव, चाली किंवा पोशाख विकत घेण्याची गोष्ट वेगळी आहे. तेथे पहारा घरानेच ठेवायचा. दुकानाच्या व्यवहाराचा फोन मुलाच्या हाती देताना खरेदीला गुप्त क्रमांक लावलेला आहे ना, एवढे तरी पाहावे.

कठीण मालालाही बाजार आहे

सर्वसामान्यांना कठीण नकोच, असा निष्कर्ष कोणी काढेल तर तोही चुकीचा ठरेल. २००९ साली जपानमध्ये 'डीमन्स सोल्स' हा खेळ आला. सोनीचे वरिष्ठ अधिकारी शुहेई योशिदा यांनी तो दोन तास खेळून पाहिला आणि सुरुवातीलाच अडकून राहिल्याने तो त्यांना अगदी टाकाऊ वाटला. सोनीने तो जपानबाहेरील पाश्चात्त्य बाजारात काढला नाही. ॲटलस नावाच्या लहान कंपनीने तो अमेरिकेत आणला आणि तोंडोतोंडी त्याची कीर्ती पसरली. त्याच कारागिरांच्या 'एल्डन रिंग'ने २०२२ साली तीन आठवड्यांत एक कोटी वीस लाखांचा पल्ला गाठला आणि जून २०२४ पर्यंत अडीच कोटी ओलांडले.

हे कसे घडले? त्या खेळात 'सोपे' असे बटण नाही. पण प्रमुख हिदेताका मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाटा वाढवल्या. एका राक्षसापुढे अडलात तर घोड्यावर बसून दुसरीकडे जा, बळ वाढवा, मदतीला आत्मे बोलवा, ओळखीच्या खेळाडूला हाक मारा. मेलात तर जवळच पुन्हा उठा. हरण्याचा दंड हलका केला, लढतीचा कस तसाच ठेवला. मुख्य म्हणजे हरलेल्याला आपली चूक कळते. वस्तादाने आखाड्यात पाठ लावली तर शागीर्द दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. पण जमीनच निसरडी असेल तर तो आखाडा सोडतो.

लहान कारागिरांसाठी तर ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरच्या 'टीम चेरी'चे उदाहरण मोलाचे आहे. मोजक्या दोन-चार जणांच्या या चमूने लोकांकडून वर्गणी गोळा करून २०१७ साली 'हॉलो नाइट' हा कठीण, हाताने चितारलेला खेळ काढला. त्याच्या दीड कोटी प्रती खपल्या. त्याचा पुढचा भाग 'सिल्कसाँग' ४ सप्टेंबर २०२५ रोजी आला, तेव्हा गर्दीमुळे खेळ विकणारी ऑनलाइन दुकाने काही काळ अडखळली. मोठ्या कंपन्यांचे खेळ सत्तर डॉलरना असताना याची किंमत होती वीस डॉलर. तरी खेळ फारच कठीण झाल्याची तक्रार आलीच. त्यांनी काय केले? सुरुवातीच्या दोन-तीन लढती किंचित सौम्य केल्या आणि बाकीचा खेळ होता तसा ठेवला. उंबरठा घासून थोडा खाली आणला, घराची उंची तीच राहिली.

मदत म्हणजे भेसळ नव्हे

काही जुने खेळाडू कोणतीही सवलत दिली की दर्जा गेला म्हणून आरडाओरडा करतात. तेही आम्हास पटत नाही. २००९ च्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी'त एकाच टप्प्यात आठ जीव गेले की एक हिरवा ठोकळा दिसतो. त्याला धडक दिली की यंत्र स्वतः तो टप्पा खेळून दाखवते. ज्याला नको त्याने धडक देऊ नये. अशी सोय असल्यामुळेच कारागिरांना बाकीचे टप्पे मनासारखे कठीण ठेवता येतात. २०१८ च्या 'सेलेस्ट' या डोंगर चढण्याच्या अत्यंत कठीण खेळात वेग कमी करण्याची, दम न संपण्याची, अगदी न मरण्याचीही सोय खुलेपणाने दिली आहे. तरी चाहते तो कठीणच खेळतात आणि त्याचे नाव कठीण खेळांतच घेतात.

शिवाय ही मदत सर्वांना चैन म्हणून लागत नाही. २०२० च्या 'द लास्ट ऑफ अस भाग २'मध्ये साठांहून अधिक सोयी होत्या. आवाजावरून वाट दाखवणे, अक्षरे मोठी करणे, एका हाताने खेळता येणे वगैरे. अंध खेळाडूंनीही तो पुरा केला. ज्याचा हात अधू आहे किंवा दृष्टी गेली आहे, त्याच्यासाठी दाराशी उतरण बांधली म्हणून आतल्या मालाची किंमत कमी होत नाही. आणि ही सोय विकत नसते, हा तिच्यात आणि मोबाइलवरच्या सवलतीत मोठा फरक आहे.

आमच्या बांधवांनी यातून काय घ्यावे

आता दुकानातल्या त्या वादाकडे परत येऊ. चाळिशीतले गृहस्थ म्हणतात ते अर्धे खरे: आजचे पुष्कळ खेळ गिऱ्हाईक वाढवण्यासाठी सोपे केले गेले. पण त्यांच्या वेळचा कठीणपणा त्यांच्याच खिशातील नाण्यासाठी रचलेला होता, हे ते विसरतात. तरुणाचेही अर्धे खरे: खेळ नितळ झाले, कोणासाठीही खुले झाले. पण त्याच्या हातातील फुकट खेळ त्याला कोठे आणि का अडवतो, याचा त्याने विचार केलेला नसतो.

व्यापारी व कारागीर बांधवांपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवू इच्छितो. नवे गिऱ्हाईक आणायचे तर त्याचा दुकानात शिरण्याचा त्रास कमी करावा, मालाचा कस कमी करू नये. न आलेल्या गिऱ्हाइकाच्या आशेने आलेल्या गिऱ्हाइकाची चीज बदलू नये. आणि स्वतःच अडचण निर्माण करून तिचा उतारा विकण्याचा मोह धरू नये. असा धंदा काही काळ जोरात चालतो, पण गिऱ्हाईक एक दिवस हिशेब मांडते. ई. टी.च्या कॅसेट वाळवंटात पुरल्या तरी एकतीस वर्षांनी लोकांनी त्या उकरून काढल्याच.